सोमवारी पीओपी बंद होणार: स्ट्रिप लाइट १२ व्होल्टची घ्यायची की २४ची?

साडीवाला_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत खाली साड्यांचं दुकान आणि वर घर असं बांधकाम चालू आहे. वरच्या हॉलचं पीओपी सोमवारी बंद होणार, त्याआधी वायरी टाकून घ्यायच्यात. मापं अशी:

हॉल १४ बाय २० फूट. भिंतीकडून चारी बाजूंनी दीड फुटाची बॉर्डर खाली उतरवली आहे, मधलं ११ बाय १७ फुटांचं छत वर राहतं. त्या कडेने लपलेला उजेड हवा.

दुकानात चार रॅक. एका रॅकला पाच फळ्या, फळी ५ फुटांची. प्रत्येक फळीखाली पट्टी लावायची.

बाहेर १२ बाय ३ फुटांचा बोर्ड. तोंड पश्चिमेला, वर छज्जा नाही.

तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. आमचा वायरमन म्हणायलाय की १२ व्होल्टची ५०५० (५ बाय ५ मिलिमीटरच्या एलईडींची पट्टी) घ्या, शटरच्या वर ३० अँपियरचा एकच एसएमपीएस (२३०चे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करणारी पेटी) बसवू, त्याच्यावर वर-खाली सगळं चालेल. शहरातला दुकानदार म्हणाला २४ व्होल्टची सीओबी (सलग उजेडाची पट्टी) घ्या. पीओपीवाला म्हणतो डायरेक्ट २३०वर चालणारा रोल घ्या, एसएमपीएसची भानगडच नको.

संध्याकाळी इथे व्होल्टेज १८०च्या आसपास येतं. दुकानाला १५० एएचच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. उजेडाचा रंग पांढरा घ्यावा की पिवळा, हेही सांगा.

---

वायरमन_जालना

आधी ३० अँपियरचा हिशेब करा, म्हणजे निम्मा वाद मिटतो.

मीटरमध्ये १२० एलईडी असलेली चांगली २८३५ पट्टी (२.८ बाय ३.५ मिलिमीटरच्या एलईडींची) मीटरला साधारण १० वॅट खाते. हॉलची कड ५६ फूट, म्हणजे १७ मीटर, म्हणजे १७० वॅट. एका रॅकच्या पाच फळ्या २५ फूट, साडेसात मीटर, ७५ वॅट. चार रॅकचे ३००. बोर्ड सोडूनच ४७० वॅट झाले. १२ व्होल्टला हे ३९ अँपियर होतात. ३० अँपियरच्या एसएमपीएसवर ते बसतच नाही. ५०५० घेतली तर ती मीटरला १४.४ वॅट, आणखी पुढे.

समजा एसएमपीएस मोठा घेतला. शटरपासून वरच्या हॉलपर्यंत वायरीने १० मीटर धरा. हॉलचे १७० वॅट १२ व्होल्टवर १४ अँपियर. अडीच एमएमची तांब्याची वायर मीटरला ०.००८ ओहम, जाऊन येऊन २० मीटर, म्हणजे ०.१६ ओहम. १४ अँपियरला सव्वादोन व्होल्ट वायरीतच गेले. (प्रत्यक्षात पट्टी मंद झाली की करंटही उतरतो, त्यामुळे घट याहून थोडी कमी भरते. पण मंद पट्टीसाठी तर आपण पैसे मोजत नाही.) हाच लोड २४ व्होल्टवर ७ अँपियर, घट १.१ व्होल्ट. १२ मधले २ जाणं आणि २४ मधला १ जाणं यात फार फरक आहे.

म्हणून २४ व्होल्ट घ्या, आणि एसएमपीएस पट्टीजवळ ठेवा. लांबचा प्रवास २३० व्होल्टने करायचा, शेवटची चार पावलं २४ने.

हॉलचं सांगतो. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक एसएमपीएस, २४ व्होल्ट १५० वॅटचा. प्रत्येक कोपऱ्यातून दोन तुकडे निघतील, एक ११ फुटांच्या बाजूचा आणि एक १७ फुटांच्या बाजूचा. उरलेल्या दोन कोपऱ्यांत तुकडे नुसते येऊन भिडतात, तिथे जोड द्यायचा नाही. असं केलं की एकही तुकडा साडेपाच मीटरच्या वर जात नाही आणि शेवटाकडे उजेड उतरत नाही. पट्टी ओठाच्या (बॉर्डरच्या उभ्या कडेच्या) मागे बसणार म्हणून १७ फुटांची बाजू ५.३ मीटरच्या जवळ भरेल, ५ मीटरचा रोल वीतभर कमी पडेल. ११ फुटांच्या बाजूचा उरलेला तुकडा तिथे सोल्डर करून लावा. एकूण चार रोल लागतात.

२३०च्या डायरेक्ट रोलबद्दल: तो लग्नाच्या मांडवाला, दिवाळीला गच्चीच्या कठड्याला ठीक. घरात बसवू नका. तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, कापायचा तर अर्ध्या किंवा एक मीटरच्या खुणेवरच कापता येतो, आणि मुख्य म्हणजे हात पोहोचेल तिथे २३० व्होल्ट उघडे राहण्याचा धोका असतो. लोखंडी रॅकला तर अजिबात नको.

---

सर्किट_नांदेड

वर जालन्याच्या दादांनी वायरीचं सांगितलं. एका व्होल्टच्या घटीने एवढा उजेड का उतरतो, ते पट्टीच्या आत बघितलं की कळतं.

१२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर असा गट असतो. कात्रीची खूण असते ती दोन गटांच्या मध्ये. एका एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तिघांचे ९. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट तोच रेझिस्टर ठरवतो. पट्टीला १२ऐवजी ११ मिळाले तर एलईडी आपले ९ घेतातच, रेझिस्टरवर ३चे २ उरतात. करंट एक तृतीयांशाने उतरला. २४ व्होल्टच्या पट्टीत बहुधा सहा एलईडी असतात, त्यांचे १८, रेझिस्टरवर ६. तिथे एक व्होल्ट गेला तर करंट सहाव्या भागाने उतरतो, आणि मुळात घटच निम्मी असते.

याचंच उलटं टोक शेतातल्या आखाड्यावर बघायला मिळतं. सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीला लोक पट्टी थेट जोडतात. चार्जिंग चालू असताना बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत जाते. रेझिस्टरवर ३ऐवजी ५.४ व्होल्ट, म्हणजे करंट जवळपास पावणेदोनपट. पट्टी आधी झक्क दिसते, मग पिवळट पडते, मग गटागटाने विझते. मध्ये १२ व्होल्टचा डीसी-डीसी कन्व्हर्टर टाकला की भागतं.

आता एसएमपीएस. १८० व्होल्टची काळजी करू नका, १०० ते २६५ इनपुट लिहिलेला चांगला एसएमपीएस घ्या, तो १८०वरही २४ पूर्ण देतो. स्वस्तातल्या जाळीदार पेटीवाल्या मालात एक छोटी लाल सरकती कळ असते, ११० आणि २२०ची. ती ११०वर राहिली आणि आपली २३० दिली की आवाज करूनच मरतो. बसवण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने ती २२०वर आहे ना ते बघा. कळ नसलेला, पूर्ण रेंजवाला घेतला तर प्रश्नच मिटतो.

आपल्याकडे खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात बाहेर ४२-४३, स्लॅबखाली बंद पीओपीत त्याहून जास्त. बहुतेक एसएमपीएस पूर्ण वॅट ५० अंशांपर्यंतच देतात, पुढे क्षमता उतरते. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १० अंश जास्त तापला की आयुष्य अंदाजे निम्मं, असा ढोबळ नियम आहे. म्हणून ८६ वॅटच्या लोडला १०० वॅटचा घेऊ नका, १५०चा घ्या. आणि तो पीओपीत गाडू नका. बिघडेल तेव्हा छत फोडावं लागेल. कोपऱ्यात एक फूट चौरस झाकण ठेवा, एसएमपीएस स्लॅबला किंवा आडव्या चॅनलला स्क्रूने बसवा, पीओपीवर नुसता टेकवू नका.

बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, छापलेला माल मागा. एलईडी ड्रायव्हरला आयएस १५८८५ची सक्तीची नोंदणी आहे.

अर्थिंग जोडायला विसरू नका. एसएमपीएसच्या टर्मिनलवर फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन जागा असतात. अर्थ मोकळी सोडली तर पेटीला, तिथून रॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. गिऱ्हाईक घाबरेल. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच राहते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

---

उजेड_संभाजीनगर

पांढरा की पिवळा, हा प्रश्न साडीच्या दुकानाला दुसरा आहे. पहिला प्रश्न सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा.

पांढऱ्या एलईडीत आत निळा चिप असतो आणि वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. दोघं मिळून डोळ्याला पांढरं दिसतं, पण त्यात तांबडा रंग कमी असतो. स्वस्त पट्टीत तर फारच कमी. मग कुंकवाच्या रंगाची साडी विटकरी दिसते, राणी कलर आणि मरून यांत फरक कळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा बाहेर उजेडात बघू द्या." साडी दाराशी न्यावी लागली तर समजायचं दुकानातला लाइट नापास.

म्हणून रॅकला सीआरआय ९०च्या वरची पट्टी घ्या, आणि दुकानदाराला आर-९चा आकडा विचारा. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांवरून निघतो, गडद तांबडा त्यात धरलेलाच नसतो. तो आर-९मध्ये दिसतो. ५०च्या वर असेल तर साडीला चांगलं. आकडा सांगता येत नसेल तर यंत्राशिवायची परीक्षा: घरून एक लाल आणि एक मरून ब्लाउजपीस न्या. पट्टी लावून बघा, मग तेच दोन्ही तुकडे दुकानाबाहेर सावलीत बघा. स्वतःचा तळहातही बघा. हात मेलेल्या माणसासारखा दिसला तर ती पट्टी परत ठेवा.

आता रंग. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तर पिवळा, जास्त तर पांढरा. ३००० केल्विनला सोनेरी जर उठून दिसते, पण पांढऱ्या आणि आकाशी साड्यांवर पिवळी झाक येते. ६५०० केल्विनला जर चांदीसारखी पडते आणि सोनं हरवतं. पैठणीचा जरीचा पदर हेच विकायचं असेल तर एखाद्या काचेच्या शोकेसला ३००० लावा, बाकी रॅकला ४०००. एका भिंतीवर दोन रंग मिसळू नका. आणि सगळे रोल एकाच वेळी, एकाच बॅचचे घ्या, दोन जास्तच. चार हजार लिहिलेले दोन बॅचचे रोल शेजारी लावले तर एक गुलाबट, एक हिरवट दिसू शकतो. पाच फळ्यांच्या रॅकवर ते लगेच डोळ्यात येतं. घरच्या हॉलला ३०००, त्यात काही विचार करायचा नाही.

सीओबीबद्दल: तिच्यात टिपके दिसत नाहीत, उजेडाची सलग रेघ दिसते. ग्रॅनाइट, काच, चकचकीत लॅमिनेट असेल तिथे ती घ्यावी, कारण साध्या पट्टीचे टिपके त्यात आरशासारखे दिसतात. तुमच्या कोव्हमध्ये (छताच्या कडेच्या लपलेल्या खाचेत) पट्टी डोळ्याला दिसतच नाही, तिथे सीओबीचे जास्तीचे पैसे वाया. तिथे २८३५च घ्या. फळीला डिफ्यूझरवाली (वर दुधी झाकण असलेली) ॲल्युमिनियम प्रोफाइल, म्हणजे पट्टी बसवायची खाच, वापरणार असाल तर १२० एलईडीची पट्टी चालते. दोन एलईडींमधलं अंतर ८ मिलिमीटर, त्यामुळे डिफ्यूझर पट्टीपासून निदान तेवढा लांब हवा, दहा-बारा असेल तर उत्तम. ६० एलईडीच्या पट्टीत हेच अंतर १७ मिलिमीटर, उथळ प्रोफाइलमध्ये टिपके दिसणारच.

प्रोफाइल शोभेसाठी नसते, ती पट्टीची थंडाई आहे. मीटरला १० वॅटच्या पुढे ॲल्युमिनियमशिवाय लावूच नका. प्लायवूडवर नुसती चिकटवलेली पट्टी आपली उष्णता कुठे टाकणार? वर मागचा गोंद उन्हाळ्यात सुटतो तो वेगळाच. चिकटवण्याआधी प्रोफाइल स्पिरिटने पुसा, धुळीवर कुठलीच टेप धरत नाही.

खोटा माल ओळखायची एक युक्ती. रोलवर १४.४ लिहिलेलं असतं, मोजलं तर ६-७ भरतात. दुकानातच ५ मीटरचा रोल एसएमपीएसला लावून मल्टीमीटरने करंट बघा आणि व्होल्टेज दोन्ही टोकांना मोजा. १२ व्होल्टच्या रोलला शेवटी १०.५च्या खाली आलं तर आतलं तांबं पातळ आहे. मल्टीमीटर नसेल तर दोन कंपन्यांचे एकसारखे रोल दोन हातांत धरा. तांबं जास्त तो जड लागतो.

---

दुकानकाम_लातूर

एक वेगळं मत. कोव्हला २४ बरोबर. पण ५ फुटांच्या फळीला १२ व्होल्टची पट्टी चुकीची नाही. दीड मीटरच्या तुकड्यात कुठली आलीय घट? आणि दोन वर्षांनी एक फळी गेली तर १२ची पट्टी तालुक्याच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी मिळते, २४ची ९० सीआरआयवाली मागवावी लागते. १२ची दर तीन एलईडींवर कापता येते, त्यामुळे माप बरोबर बसतं, टोकाला अंधार राहत नाही.

फळीखाली पट्टी पुढच्या कडेला लावा, मागच्या भिंतीला नको. ४५ अंशांची कोपऱ्याची प्रोफाइल घ्या, तोंड आतल्या साडीकडे. पट्टी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत आली की साडीपेक्षा लाइटच दिसतो. हातभर उंच गठ्ठे लावणार असाल तर वरची साडी पट्टीला टेकू देऊ नका.

---

वायरमन_जालना

लातूरच्या भाऊंचं म्हणणं फळीपुरतं पटतं, पण मग प्रत्येक रॅकला ७५ वॅट १२ व्होल्टवर, म्हणजे सव्वासहा अँपियर उभ्या वायरीतून उतरणार. एसएमपीएस त्याच रॅकच्या डोक्यावर असेल तरच चालेल. घरात दोन आणि दुकानात चार, सहाही एसएमपीएस एकाच व्होल्टेजचे असले तर एक जास्तीचा आणून ठेवला की कुठेही बसतो. म्हणून मी २४वरच राहीन. दोन रोल जास्तीचे घेऊन ठेवा, म्हणजे मागवायचाही प्रश्न नाही.

रॅकची वायरिंग: वर १०० वॅटचा एसएमपीएस. तिथून दीड एमएमची जोडी रॅकच्या बाजूने सरळ खाली. प्रत्येक फळीला त्या जोडीतून वेगळी फांदी. एका फळीच्या शेवटातून दुसऱ्या फळीला नेऊ नका, तसं केलं तर पाचही फळ्यांचा करंट पहिल्या फळीच्या तांब्यातून जातो आणि तीच आधी तापते.

जोड सोल्डरचेच. प्लास्टिकचे क्लिप-कनेक्टर पटकन बसतात आणि तितक्याच पटकन ढिले पडतात. ढिला जोड तापतो, काळा पडतो, लुकलुक सुरू होते. २५-३० वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. तीन-चार सेकंदांच्या वर टेकवू नका, तांब्याचा पॅड उचकटून येतो. प्लसचा थेंब मायनसकडे वाहिला नाही ना ते बघा, वर हीट-श्रिंक नळी. पट्टी आडवी मुडपायची नाही. ती वर-खाली वळते, बाजूला वळवली की आतला ट्रेस तुटतो आणि तिथून पुढचं सगळं मंद होतं. कोपऱ्यात कापून दोन इंच वायरीने जोडा.

---

साडीवाला_अंबाजोगाई

सगळ्यांचे आभार, आता चित्र स्पष्ट झालं. २४ नक्की. आणखी तीन शंका.

हॉलला डिमर हवा, पण एसएमपीएस दोन आणि रिमोट एकच असं जमेल का? दुकानात आम्ही साड्यांचे व्हिडिओ काढतो, व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकाला साडी दाखवतो, तेव्हा मोबाइलमध्ये काळे पट्टे सरकतात. सध्याच्या ट्यूबलाइटचा दोष आहे की स्ट्रिपलाही येईल? आणि बोर्डाचं राहिलंच.

---

सर्किट_नांदेड

डिमर जमतो. रेडिओ रिमोटचे दोन रिसीव्हर घ्या, प्रत्येक एसएमपीएसच्या पुढे एकेक, दोन्ही एकाच रिमोटला शिकवून ठेवा. ८६ वॅटला साडेतीन अँपियर, रिसीव्हर ६ अँपियरचा घ्या. फक्त दोन एसएमपीएसचे प्लस एकमेकांना जोडू नका, उजेड वाढवायला म्हणूनही नाही. भिंतीवरचा जुना पंख्याचा रेग्युलेटर २३०च्या बाजूला लावून एसएमपीएस मंद करू नका, साधा एसएमपीएस तसा मंद होत नाही, धडधडतो.

काळे पट्टे: डिमर उजेड कमी करत नाही, तो पट्टी भराभर चालू-बंद करतो. स्वस्त डिमर सेकंदाला काहीशे वेळा करतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. डिमर नसलेल्या, चांगल्या एसएमपीएसवर २४ व्होल्ट सलग असतात, पट्टे येत नाहीत. म्हणून दुकानात डिमर बसवूच नका. उजेड जास्त वाटला तर कमी वॅटची पट्टी घ्या. एसएमपीएस घेताना मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पट्टीचा व्हिडिओ काढून बघा, उजेड थरथरताना दिसला तर तो परत करा.

इन्व्हर्टरचं: १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. चार रॅकचे ३०० वॅट, एसएमपीएसमधली तूट धरून ३४०. बॅटरी नवी असेल तर तीनेक तास, जुनी असेल तर दीड-दोन. दोनच रॅक इन्व्हर्टरवर घ्या, बाकी दोन मेनवर. त्यासाठी रॅकला २३०च्या दोन वेगळ्या लाइन आत्ताच काढा.

सगळे एसएमपीएस एकदम चालू झाले की क्षणभर मोठा करंट ओढतात, ६ अँपियरचा बी-कर्व्ह (पटकन पडणारा) एमसीबी उगाच पडतो. दीडच्या वायरीवर १० अँपियर सी-कर्व्ह (क्षणभराचा झटका सोसणारा) टाका. गावात न्यूट्रल तुटून २३०चे ३०० होण्याचे प्रकार होतात, मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेज कटऑफ बसवला तर सहाही एसएमपीएस वाचतील.

पुढे कधी काही झालं तर हे ध्यानात असू द्या. सगळी पट्टी सेकंद-सेकंदाने उघडझाप करायली, तर लोड जास्त आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे, एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. एकच सहाचा गट विझला तर त्यातला एक एलईडी किंवा रेझिस्टर गेला, तेवढाच तुकडा कापून नवा जोडा. बटण बंद केल्यावरही मिणमिण राहिली तर बटणात फेजऐवजी न्यूट्रल तोडलाय, किंवा बटणातला छोटा इंडिकेटर करंट सोडतोय.

---

दुकानकाम_लातूर

बोर्डाचं मी सांगतो.

एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनल) बोर्डावर उठावाची अक्षरं असतील तर अक्षरांच्या पोटात पट्टी वळवायच्या फंदात पडू नका. त्याला तीन एलईडीची सीलबंद मॉड्यूल मिळतात, वायरीने माळेसारखी जोडलेली, अक्षराच्या वळणाने बसतात. एक गेलं तर तेवढंच बदलता येतं. ती बहुतेक १२ व्होल्टची असतात, त्यामुळे बोर्डाचा एसएमपीएस वेगळा राहील.

नुसती चौकट उजळायची तर ३० फूट, ९ मीटर. आयपी ६७ (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा), सिलिकॉनच्या नळीतली पट्टी घ्या. आयपी ६५ म्हणजे फक्त वरून थर दिलेला, तो पश्चिमेच्या उन्हात आणि झडीच्या पावसात दोन्हीकडून मार खातो. थर इपॉक्सीचा असेल तर उन्हाने पिवळा पडतो आणि तडकतो, सिलिकॉन त्यामानाने टिकतं. ध्यानात ठेवा, सिलिकॉन चढवल्यावर उजेड थोडा थंड दिसतो. आतली पट्टी तीच असली तरी दुकानातल्या उघड्या पट्टीशी रंग तंतोतंत जुळणार नाही.

पाणी शिरतं ते कापलेल्या टोकातून. टोपण लावून आत सिलिकॉन भरा, पण आंबट वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं, काही महिन्यांत टोकाचे पॅड हिरवे होतात. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. बोर्डाचा एसएमपीएस बाहेर ठेवू नका, भिंतीच्या आत, शटरच्या बाजूला बसवा. भिंतीतली नळी बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा आणि वायरीला बाहेर खाली झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता झोळातून गळून जाईल.

---

उजेड_संभाजीनगर

कोव्हचं एक राहून गेलं, आणि ते पीओपी बंद झाल्यावर दुरुस्त होत नाही. बॉर्डरच्या वरची कड आणि मधलं छत यांत निदान ६ इंच मोकळी जागा हवी. कारागीर तीन-चार इंचच ठेवतात, मग छतावर उजेड पसरत नाही, कडेला एक झगझगीत पट्टा आणि मध्ये अंधार. ओठ दीड ते दोन इंच उंच, पट्टी ओठाच्या २-३ इंच मागे, ४५ अंशांच्या प्रोफाइलमध्ये मधल्या छताकडे तोंड करून. ओठाला अगदी चिकटून लावली तर छतावर सुरीने कापल्यासारखी रेघ उमटते. मधल्या छताला मॅट पांढरा रंगच द्या, चकचकीत दिला की टिपके आणि पीओपीचे उंचसखल दोन्ही दिसतात.

---

वायरमन_जालना

सोमवारआधी एवढं करून घ्या.

हॉलच्या दोन्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांत २३०ची फेज, न्यूट्रल, अर्थ दीड एमएममध्ये आणून सोडा, हातभर जास्त ठेवून. दोन्ही एकाच बटणावर घ्या, बटण फेजमध्ये. तिथेच पीओपीवाल्याकडून एक फुटाची चौरस झाकणं करून घ्या, बिजागरी नको, उचलून निघेल असं. रॅकच्या चार जागांवर आणि बोर्डाच्या मागे २५ मिलिमीटरची नळी, आत ओढायला दोरी घालून. दुकान आणि घर वेगळ्या मीटरवर असेल तर वायरी कुठेही मिसळू देऊ नका, न्यूट्रलसुद्धा. नळ्यांची तोंडं कापूस कोंबून नाही, सिमेंटने किंवा टोपणाने बंद करा. छतात उंदीर आला की तो सर्वांत आधी मऊ वायर कुरतडतो, आणि पाली एसएमपीएसच्या जाळीत जाऊन बसतात.

पीओपी बंद करायच्या आधी रविवारी रात्री दोन्ही बाजूंची पट्टी तात्पुरती ठेवून एक तास चालवा. तासाने एसएमपीएसच्या टर्मिनलवर २४ आणि पट्टीच्या लांब टोकाला किती, ते मोजा. २३च्या वर असेल तर कारागिराला सोमवारी बोलवा. खाली असेल तर आधी मधला जोड तपासा.